मास्तरांच्या शाळेतली थंडी

"अहो, आज ढेपांना हात लावाल तर बघा!" ग्रिझेलने नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं. लॉखलन मास्तरांनी तिसऱ्यांदा मान हलवली. ह्या माणसाच्या मान हलवण्यावर काय विश्वास ठेवायचा?

केथनेसच्या उजाड माळरानावर प्रत्येक पोराने काखेत पीटची एक ढेप घेऊन शाळेत यायचं, ही जुनी रीत. दलदलीतली माती कापून वाळवलेली, शेगडीत छान जळते. पण मास्तर ढेपा जाळायच्या सोडून फोडत बसायचे. आत किडे, पानं, बिया शोधायचे. पोरं कुडकुडायची. शेवटी एका पोराच्या बापाने, गिरणीवाल्याने, पाद्री डनबारांकडे तक्रार केली, आणि आज खुद्द डनबार परीक्षेला आले होते. त्यांचं मन फिरलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर हे घरही. ग्रिझेल शाळेत मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

सुरुवात झकास झाली. शेगडी रसरसत होती. डनबार विचारत होते, पोरं घडाघडा म्हणत होती. डनबारांना जांभई आली, पण ती परीक्षेत येतेच.

शेगडी मंदावली तशी पुढच्या बाकावरची इफी उठली आणि तिने एक ढेप उचलली. ढेपेच्या कडेला काहीतरी हिरवं चमकलं.

"थांब!" मास्तर ओरडले आणि बाकावरून उडी मारून त्यांनी ढेप हिसकावली. ग्रिझेलने डोळेच मिटले. संपलं सगळं!

"हा काय प्रकार?" डनबार गरजले.

"भुंग्याचा पंख, साहेब! हजारो वर्षांचा! हा भुंगा झाडांच्या सालीखाली राहतो."

"झाडं? इथं? मास्तर, ह्या माळावर माझ्या काठीएवढंही झाड नाही!"

"होती, पाद्रीबाबा!" इफी फटकन बोलली. "माझ्या ढेपेत काल हेझलच्या झाडाची फळं निघाली. बघायचीत?"

मग काय विचारता! बाकं सोडून सगळी पोरं धावली. ह्याच्या ढेपेत साल, त्याच्या ढेपेत फांदी. आणि डनबारांसारखा करडा माणूस काळ्या हातांनी गुडघ्यांवर बसून ढेप फोडू लागला! शेगडी विझली तरी कोणाचं लक्ष नव्हतं.

"मग पाद्रीबाबा, ती झाडं गेली कुठं?" इफीने विचारलं.

डनबारांनी हातातली ढेप उलटीसुलटी करून पाहिली. "पोरी, मला माहीत नाही."

पाद्रीबाबांना माहीत नाही? मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ते डनबारच.

निघताना ते ग्रिझेलपाशी थांबले.

"बाई, गिरणीवाल्याची तक्रार खरी आहे. शाळा बर्फासारखी गार आहे."

"हो, साहेब."

"तीस वर्षं परीक्षा घेतोय. आजवर एकाही पोराने मला उलटा प्रश्न विचारला नव्हता." त्यांनी काळे हात कोटालाच पुसले. "मास्तर इथंच राहतील, आणि ढेपा फोडतील. शेगडीसाठी दोन गाड्या कोळसा पाठवतो, आणि गिरणीवाल्याला सांगतो, तो कोळसा त्यानेच वाहून आणावा."

ग्रिझेल एप्रनमध्ये तोंड लपवून आधी रडली, मग हसली, आणि मग नवऱ्यावर खेकसली, "अहो, उभे काय राहिलात? दाखवा तरी मला तो भुंगा!"