बोंबील वरच्या फळीवर

"हेमांगीताई, बोंबलाचं पाणी झालं!"

फोनवर महादू असा ओरडला की पलीकडच्या खुर्चीतल्या निमेशनंही मान वळवली.

"नीट सांग रे. किती पेट्या?"

"बारा. तुमच्या प्रोग्रॅमनं खाली ठेवा म्हटलं, पोरांनी ठेवल्या. वर सुरमई. आता खाली नुसती चटणी! आणि साडेतीनला अजून दीडशे पेट्या येतायत. काय करू?"

"गाडी आली तरी उतरवू नकोस. मी बघते."

महादू मासळीच्या शीतगृहाचा मुकादम. कुठली पेटी कुठल्या फळीवर ठेवायची, हे त्याला सांगणारा प्रोग्रॅम हेमांगी वैतीनं नऊ वर्षांपूर्वी मरोळच्या याच तिसऱ्या मजल्यावर बसून लिहिला होता. ती मूळची डेटा एन्ट्रीवाली. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकली ती जेवणाच्या सुट्टीत, डब्याशेजारी प्रिंटआउट पसरून. आपल्या पायथनला अजून सुक्या जवळ्याचा वास येतो, असं तीच सांगायची.

निमेश तिचा टीम लीड. घाटकोपरचा, सव्वीस वर्षांचा, हुशार, मनानं चांगला आणि अंडंसुद्धा न खाणारा. तीन महिन्यांपूर्वी त्यानं सगळ्यांच्या मशीनवर आयडीई चढवलं होतं. कोड लिहायचं आख्खं दुकानच ते. चुकलात की लाल रेघ, अडलात की पुढचा शब्द हजर, निरुपयोगी ते फिकट अक्षरांत. हेमांगी एकटी आपल्या साध्या काळ्या स्क्रीनवर राहिली.

"मॅम, असल्या पाटीवर कोण कोड लिहितं आता?"

"ज्याला लिहिता येतं, तो."

तेव्हा सगळे हसले होते. पण हुकूम तो हुकूमच: शुक्रवारपर्यंत आयडीईवर या, नाहीतर सोमवारपासून फोन सपोर्टला बसा. म्हणजे प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती आणि हिनं दिवसभर फक्त "हॅलो" म्हणायचं. आणि आज शुक्रवार होता.

निमेशनं कोड उघडला. "एरर एकही नाही, मॅम. सगळं हिरवं आहे."

"काल हात कुणी लावला?"

"मी. फक्त सफाई केली ना. सात फंक्शन्स फिकट दिसत होती. म्हणजे कुणी बोलवतच नाही त्यांना. उडवली."

"कुठली सात?"

"बोंबील, मांदेली, कोळंबी, करंदी..." वाचता वाचता त्याचा आवाज बसत गेला. "पण मॅम, मासा म्हणजे मासाच ना?"

मागं कुणालातरी चहाचा ठसका लागला. हेमांगी हसली नाही. खारदांड्याच्या बाजारात तिच्या आईची टोपली चाळीस वर्षं लागत आली होती, आणि बोंबील कायम सगळ्यांच्या वर. हाडं मऊ, अंगात पाणीच पाणी. त्याच्यावर कुणी बसलं की संपला बिचारा.

"सरक जरा."

तिनं तिच्या काळ्या स्क्रीनवर प्रोग्रॅम चालू केला आणि माणसाला विचारावं तसं त्याला विचारू लागली. सुरमई? खालची फळी. बांगडा? खालची फळी. बोंबील? खालची फळी.

"बघ. अडखळत नाहीये. छातीठोक चुकतोय. नियम सापडला नाही, की सरसकट सगळ्यांना खाली."

"पण आयडीईला कसं कळलं नाही?"

"कसं कळणार? पेटीवरच्या चिठ्ठीवर जे नाव असेल, त्या नावाचा नियम, म्हणजे ते फंक्शन, हा चालता चालता हाक मारून बोलावतो. ती हाक कोडमध्ये लिहिलेलीच नाही कुठे. तुझं दुकान लिहिलेलं वाचतं. पायथनमध्ये निम्म्या गोष्टी चालू झाल्यावर ठरतात. चालवायचं आणि विचारायचं."

निमेशनं उडवलेल्या फंक्शन्सची यादी पुन्हा वाचली. मग म्हणाला, "तरी वर 'हे उडवू नका' अशी एक ओळ लिहून ठेवायला हवी होती ना."

हे मात्र तिला लागलं, कारण खरं होतं.

"हवी होती. चुकलंच माझं. आणि जूनमध्ये तुझ्या दुकानानं माझ्या दोन चुका पकडल्या, तेही विसरले नाहीये. दुकान वाईट नाही रे. पण मासा बोटानं दाबूनच घ्यायचा."

उडवलेली सातही फंक्शन्स तिनं परत आणली. प्रत्येकावर एकेक ओळ लिहिली, आणि मग कीबोर्ड निमेशपुढे सरकवला.

"आता तू विचार."

मांदेली? वरची फळी. कोळंबी? मधली. त्यानं सातही नावं विचारली. बोंबील शेवटी ठेवला होता. टाइप करताना त्याचं बोट क्षणभर थांबलं.

वरची फळी.

"झकास!" मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. हेमांगीनं फोन उचलला. "महादू, उतरव गाडी."

"आणि सोमवारचं काय रे?" फोन ठेवत तिनं विचारलं.

निमेशनं कान खाजवला. "सोमवारी तुम्ही आम्हाला शिकवा ना. हे विचारायचं कसं ते. नऊ वाजता?"

"दहा. सकाळी आईला बाजारात सोडायचं असतं."

पावणेचारला निमेशच्या मोठ्या स्क्रीनवर सातही फंक्शन्स तशीच फिकट दिसत होती, कुणी न बोलावल्यासारखी. यावेळी त्यानं त्यांना हात लावला नाही. शेजारी हेमांगी डबा उघडून बसली होती, आणि तिच्या काळ्या पाटीवर गाडीतून उतरणाऱ्या पेट्यांची ओळीमागून ओळ उमटत होती: बोंबील, वरची फळी. बोंबील, वरची फळी. बोंबील, वरची फळी.