कट्ट्यावरचा नळ

माझ्या नातीचं, शिवानीचं, लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे २०२१ साली, आमच्या वरच्या आळीत घरोघर नळ आले. तोवर पाणी खालच्या झऱ्यावरून आणायचं. माझी बायको सखूबाई कमरेनं अधू झाली होती. एकदा ती हंड्यासकट झऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरली. भोरचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत. झऱ्यावर बायांचंच काम, तिथं मी कधी गेलो नव्हतो.

म्हणून पाइपवाले येण्याआधीच मी दारात कमरेएवढा दगडी कट्टा बांधून ठेवला. नळ त्याच्याही वर, छातीच्या उंचीला. हंडा कट्ट्यावर भरायचा आणि न वाकता काखेत घेऊन घरात जायचं.

"एवढा वर, बाबा?" पाइपवाल्यानं विचारलं.

"तुमी बसवा."

पाणी सुटलं. सगळ्यांना आलं, आमच्या नळातून नुसती हवा. आमचं घर सगळ्यात उंचावर, टाकीच्या जेमतेम खाली. खालच्या घरचा गेनबा मात्र नळाच्या पाण्यानं म्हशी धुवायचा. मी त्याच्यावर दात धरला. सव्वा महिना सखूबाई पुन्हा झऱ्यावर जात होती, आणि ती परत येईपर्यंत मी दारात उभा असायचो. शेवटी मी गेनबाच्या विरोधात ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. अक्षर जुळवून लिहायला दोन दिवस लागले.

अर्ज खिशात घालून निघालो, तर वाटेत गेनबाच भेटला.

"कुठं निघाला, तात्या?"

"तुझ्याच कामाला. तू म्हशी धू."

"आज म्या नळ उघडलाच न्हाई. चला, तुमच्याकडं येतंय का बघू."

घरी येऊन नळ सोडला. हवाच. गेनबानं कट्टा वरखाली पाहिला.

"तात्या, ह्यो नळ हाय का तोरण?"

सखूबाई दारातून म्हणाली, "मला वाकायला लागू न्हाई म्हणून बांधलाय. रोज झऱ्यावर वाकती ती येगळी."

गेनबानं पान्हा आणला आणि कट्ट्याच्या पायथ्याशी पाइपाचा सांधा सैल केला. पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या लेंग्यावर. पाणी तिथवर येत होतं, वर चढायचा जोर तेवढा नव्हता. एवढ्या दिवसांचा दोष माझ्या कट्ट्याचा होता.

"आता तरी पटलं का?" गेनबा लेंगा पिळत म्हणाला.

"व्हय."

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी कट्टा काढला, गुडघाभर खड्डा खणला आणि नळ त्यात बसवला. पहिला हंडा चटकन भरला. सखूबाई वाकायला लागली, तेव्हा मी तिला बाजूला केलं आणि हंडा काढून घरात नेला.

"इतकी वर्सं कुठं हुता?" ती म्हणाली.

अर्ज मी चुलीत घातला. रोज सकाळी हंडे मीच काढू लागलो. सखूबाई पुन्हा झऱ्याच्या पायऱ्या उतरली नाही, पुन्हा पडलीही नाही. २०२४ च्या मार्गशीर्षात तीन दिवसांच्या तापानं ती घरीच वारली.