नदीकाठचा गारवा

मित्रांनो, मी मातीचा आहे, म्हणून बोलतानाही जरा जपूनच बोलतो. मला दरबुका म्हणतात. माझी कंबर निमुळती, तोंड रुंद आणि तोंडावर नाईल नदीतल्या मोठ्या माशाची कातडी ताणलेली. कुंभाराने मला चाकावर घडवले, भट्टीत भाजले आणि दसूकीकाकांच्या हाती दिले. तेव्हापासून रशीद गावात, त्यांच्या मांडीवरच माझे आयुष्य गेले.

आमच्या ताफ्यात चौघी नाचणाऱ्या. त्यांची म्होरकी इन्शिराह. ती नाचते तेव्हा तिचे खांदे शांत असतात, पोट मात्र माझ्याशी बोलते. मी ‘दुम्’ म्हटले की तिची कंबर ठाम थांबते, मी ‘तक्’ म्हटले की पोटावर लाट उठते. कधी कधी वाटते, मी तिला नाचवत नाही, तीच मला वाजवते.

माझ्यात एक खोट आहे. हवेत ओल आली की कातडी सैल पडते आणि माझा आवाज बसतो. म्हणून काका वाजवण्याआधी मला शेगडीवर शेकत. ताफ्याचा कारभार पाहणाऱ्या शौकीला याचा कंटाळा आला. त्याने प्लॅस्टिकच्या कातडीचा पत्र्याचा दरबुका आणला. त्यावर काकांची म्हातारी बोटे सुजली.

“काका, वसंताच्या सणाला तुमचा हा मटका नीट वाजला तर ठीक,” शौकी म्हणाला, “नाहीतर पुढे हा नवा, आणि वाजवायलाही नवा माणूस.”

काकांनी माझ्यावरची धूळ तेवढी पुसली.

सणाला सारे गाव नदीकाठी लोटले. चटयांवर रंगवलेली अंडी, कांद्याची पात आणि खारवलेले मासे. माझी कातडी माशाची, त्यामुळे मला जरा अवघडल्यासारखे झाले. काकांनी चहावाल्याच्या शेगडीवर मला छान शेकले. पण पाहुण्यांचे भाषण संपेना. नदीवरून गार वारा सुटला. काकांनी हळूच टिचकी मारली. मी म्हणालो, ‘भद्’.

मंचाच्या कापडी पडद्यांजवळ शेगडी आणता येईना, आणि भाषण कधीही संपेल म्हणून चहावाल्याकडे जाताही येईना. शौकीने पत्र्याचा दरबुका पुढे केला. काकांनी मला खाली ठेवले.

तेवढ्यात इन्शिराहने मला उचलले, पोटाशी धरले आणि वरून शाल घट्ट गुंडाळली.

“भाषण चालू आहे ना? चालू दे बापड्याचं,” ती म्हणाली आणि येरझाऱ्या घालू लागली.

पुढच्या चटईवरच्या उम्म सईदने, म्हणजे सईदच्या आईने, तिला पाहिले. “अगं बाई! कितवा महिना?”

“नववा! बघच आता कसा टाहो फोडतो ते.”

बायकांमध्ये खसखस पिकली. आत मला तिच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. तळव्याने ती माझी कातडी चोळत होती. हळूहळू ऊब भिनली आणि कातडी पुन्हा ताणली गेली.

टाळ्या वाजल्या. भाषण संपले होते. तिने मला काकांच्या मांडीवर ठेवले. “घ्या काका, मुलगा झाला!”

काकांनी टिचकी मारली. ‘तक्!’ चटयांवरची बोलणी थांबली.

मित्रांनो, त्या दिवशी ती कशी नाचली ते मला सांगता यायचे नाही. बाकीची वाद्ये गप्प झाली, उरलो आम्ही दोघेच. मी विचारायचे आणि तिच्या पोटाने उत्तर द्यायचे. काकांची बोटे धावली, थबकली, पुन्हा धावली, पण इन्शिराह एकदाही मागे पडली नाही. शेवटच्या ‘दुम्’ला ती थांबली आणि सारा काठ उभा राहिला.

शौकीने नवा दरबुका पिशवीत घातला. “पुढच्या वेळी मी धरीन याला पोटाशी.”

“तुझ्या पोटावर आधीच एक मटका बसलाय!” काका म्हणाले. कित्येक दिवसांनी ते हसले.

आता माझ्या काठाला बारीक चीर गेली आहे. माझे फार दिवस उरले नसतील. तुम्हाला एवढेच सांगतो. एखादे वाद्य मुके झालेले दिसले, किंवा एखादा माणूसही, तर मोडले म्हणून बाजूला सारण्याआधी घटकाभर जवळ घ्या. न जाणो, त्याला नुसती थंडी वाजत असेल.