एकशेतीनवर थांबलेला पारा

मी ताप मोजणारा एक जुना थर्मामीटर आहे, मित्रांनो. कवठे येमाईत आमची सकाळ ठरलेली असे. सुलतानबी चुलीपुढे भाकरी थापायला बसे. तिची नऊ वर्षांची गुलशन मला पितळी डबीतून काढी, गार पाण्याने धुई, मनगटाने तीन झटके देई आणि आळीत कोणी आजारी असेल तर तिकडे घेऊन जाई.

"रोज कसला गं ह्यो नखरा?"

"पाऱ्याला निजवतीया, अम्मा!"

"निजीव. आन् भांडी तुझा पारा घासणार व्हय?"

गुलशनचे वडील मीरासाहेब दौंडला रेल्वे इंजिनावर फायरमन होते. १९५८ साली त्यांनीच मला तिथून आणले. चौथीतल्या गुलशनला माझे आकडे वाचता येत. सुलतानबीला एवढेच ठाऊक होते, की रेघ तांबड्या बाणापुढे गेली म्हणजे ताप.

माझे शास्त्र साधे आहे. उष्णता नेहमी ऊन वस्तूकडून गार वस्तूकडे जाते. अंगाची ऊब काचेतून पाऱ्यात शिरते, पारा प्रसरण पावतो आणि नळीत वर चढतो. पण माझ्या गळ्याशी नळी फार चिंचोळी आहे. वर गेलेला पारा आपण होऊन तिथून परतत नाही, त्याला झटकूनच उतरवावे लागते.

त्या श्रावणात गुलशन तापाने पडली. पहिल्या दिवशी तिनेच मला झटकून बगलेत धरले. एकशेतीन. दुसऱ्या दिवशी तिला शुद्ध नव्हती. सुलतानबी रांजणातल्या पाण्यात फडकी भिजवून तिच्या अंगावर ठेवत राहिली. मधूनमधून ती मला बगलेत लावी. रेघ बाणापुढेच असे. मग ती कपाळ चाचपून पाही. पण तिचा हात तासन्‌तास गार पाण्यात होता, आणि अशा हाताला कोमट अंगही ऊनच लागते. हात चुकला, मीही चुकलो. पोरीचे अंग केव्हाच निवू लागले होते. तिला गोधडी हवी होती. मला ते कळत होते. सांगता येत नव्हते.

तिसऱ्या सकाळी मीरासाहेब आले. त्यांनी लेकीच्या कपाळाला हात लावला. ते थंडगार होते.

"अवं, ही रेघ बगा की. अजून ताप हाय तिला," सुलतानबी म्हणाली.

त्यांनी मला उजेडात धरले. "पारा झटकला व्हता का?"

"झटकायचा असतोय?"

मला खाली ठेवून ते म्हणाले, "तापानंच नेली तिला. तुझ्या हातानं न्हाई." पुढे डॉक्टरही तेच म्हणाले. सुलतानबीने मान हलवली, पण तिला ते पटले नाही.

कोणी मला झटकू नये म्हणून तिने डबी ट्रंकेत, गुलशनच्या परकराखाली ठेवली. लेकीच्या अंगातली शेवटची ऊब माझ्यात आहे, असे तिला वाटे. ऊब कधीच निघून गेली होती, मित्रांनो. ती कुठवर चढली होती, एवढी खूण माझ्यापाशी उरली होती. म्हणून माझे एवढे ऐका: मोजण्याआधी पारा उतरवा, आणि आजाऱ्याच्या कपाळाला लावायचा हात आधी कोरडा, उबदार करा.

माघात एका सकाळी शेजारच्या साळूबाई दारात येऊन घुटमळल्या.

"सुलतानबी, नातवाचं आंग लई तापलंय. ती काचेची कांडी... न्हाई दिलीस तरी मी राग धरायची न्हाई, बाई."

सुलतानबीने ट्रंक उघडली. दाराशी येऊन ती माझ्या रेघेकडे पाहत राहिली. मग पदराला हात पुसून तिने मनगट झटकले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. रेघ बाणाच्या खूप खाली गेली.

"चला, साळूमावशी," असे म्हणून ती त्यांच्याही पुढे चालू लागली.