मंजूर दहा नाती

पेई-लिंगने ‘त्साय हो-शुन’ हे नाव चौथ्यांदा टाइप केलं. असा कुणी मृत इथे नाही, असं यंत्राने चौथ्यांदा, तितक्याच नम्रपणे सांगितलं.

“मग गेला कुठे?” याओ काकांनी विचारलं. “अस्थी मी स्वतः आणून ठेवल्यात. आठ वर्षं झाली. तिसरा मजला, खिडकीजवळ.”

“यंत्र नाही म्हणतंय म्हणजे नाही,” अस्थिगृहाच्या राखणदार लो ताई म्हणाल्या. “किल्ल्या माझ्याकडे होत्या तोवर सगळे मेलेले हजर असायचे.”

छिंगमिंगचा, पितरांच्या स्मरणाचा दिवस. आपापल्या मृतांना भेटायला आलेल्यांची रांग जिन्याखाली उतरून चीलुंग शहराच्या रस्त्याला लागली होती. अस्थींची कपाटं यंदापासून यंत्र उघडत होतं, आणि यंत्राचा प्रोग्रॅम पेई-लिंगचा होता.

तिने तो उघडून पाहिला.

प्रत्येक मृताच्या नावाखाली एक आतली यादी होती: भेटायला येणारे, त्यांच्या नात्यांसकट. गेल्या वर्षी एका कलशावरून मृताच्या दोन बायकांच्या मुलांत मारामारी झाली, म्हणून अस्थिगृहाच्या मंडळाने दहाच नाती मंजूर केली. दहावं ‘फुलवाला’. अध्यक्षांचा मेहुणा फुलं विकायचा. प्रोग्रॅमने प्रत्येक आतल्या यादीत शिरून या दहांत न बसणारी माणसं वगळली. मग ज्यांच्या खाली कुणीच उरलं नाही, ते मृतही वगळले. ही शेवटची ओळ कुणी सांगितली नव्हती. यादी टापटीप दिसावी म्हणून पेई-लिंगने ती स्वतःहून घातली होती.

“काका, तुमचं नातं काय लिहिलं होतं?”

“एकाच घरात राहणारा.”

“ते मंजूर नाहीये.”

“एकतीस वर्षं राहिलो.”

“वर्षांचा रकाना नाही, काका.”

“मग घाल की एक नवं नातं, पोरी,” लो ताई म्हणाल्या.

“सात शिक्के लागतात. मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे.”

“मग फुलवाला करून टाक यांना. कोण बघतंय?”

स्वस्तातली छत्री घ्यावी की नाही, याचा करावा तसा काकांनी त्यावर थोडा वेळ विचार केला.

“नको. शेजाऱ्यांसाठी मी त्याचा भाडेकरू होतो, दवाखान्यात चुलतभाऊ. आता या वयात फुलवाला नाही होणार.”

“मेलेला सापडत नसेल तर बाजूला व्हा ना,” रांगेतून कुणीतरी म्हणालं. “आमचा सापडलेला आहे.”

पेई-लिंगने स्वतःची ती ओळ पुसली. तिच्या हातात तेवढंच होतं. पडद्यावर अक्षरं उमटली: त्साय हो-शुन, कपाट ३१७. खाली दोन चौकोनी कंस, आत काहीच नाही. वरच्या मजल्यावर कुठलंही दार वाजलं नाही.

“आला,” काका म्हणाले.

“मंजूर नात्याशिवाय कपाट नाही उघडणार, काका. मला एवढंच जमतं.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पडद्याला टेकेपर्यंत पुढे वाकले.

“हे खाली काय आहे?”

“भेटायला येणाऱ्यांची जागा. रिकामी आहे.”

“कुणाचीच नाही?”

“कुणाचीच नाही.”

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

“असू दे,” ते म्हणाले. “फक्त पुन्हा टापटीप करशील तेव्हा एवढी जागा काढू नकोस.”