लॉबीतली वरात

राजनची नोकरी गेली होती, पण जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच पत्ता नव्हता. ‘सुट्टीवर पुण्याला चाललोय,’ असं तो सांगत सुटला होता. सुट्टीवर! फ्रिज विकून, सोफा विकून कुणी सुट्टीवर जातं होय? पण २००९च्या त्या जानेवारीत, मंदीच्या दणक्यात, दुबईत सगळे असंच सांगत होते, आणि ऐकणारे मुकाट माना डोलावत होते. शेजारचं कुटुंब तर पहाटे सर्व्हिस लिफ्टने गुपचूप उतरलं. राजनचाही बेत तोच होता.

त्याच्या बायकोच्या, छायाच्या, मात्र हे डोक्यात गेलं. “इतकी वर्षं राबलो इथे. चोऱ्या केल्यात का आपण? मी मेन लिफ्टने उतरणार, आणि वाजतगाजत उतरणार!”

वाजंत्री तयारच होती. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला तिने डंकन नावाचा स्कॉटिश बॅगपायपर ठरवला होता. अबुधाबीत एका लग्नात तो नवरदेवापुढे वाजवत चालला, तेव्हाच तिच्या मनात भरला होता. आता पार्टी खलास झाली, पण पायपर रद्द करायला बाई राजी नाही. “फोन कर त्याला. म्हणावं, निघायच्या दिवशी ये आणि गेटपर्यंत वाजव.”

राजनने केला फोन. पण नोकरी गेली हे त्या परक्या माणसालाही सांगवेना. नुसतं पुटपुटला, पार्टी नाही, शुक्रवारी सकाळी लॉबीत या, आनंदाचं काही नको, जरा हळू वाजवा. बॅगपाइप आणि हळू! धन्य तो माणूस.

शुक्रवार सुट्टीचा, त्यामुळे सगळी बिल्डिंग घरी. राजन, छाया आणि लेक अवनी बॅगा घेऊन उतरले, तर डंकन चौकड्यांचा घागरा नेसून हजर. दंडाला काळी फीत! त्याने राजनचा हात दोन्ही हातांत धरला. “सॉरी फॉर युअर लॉस, सर.” आणि असं काही रडवेलं वाजवायला घेतलं की बस्स.

आवाज पार वरच्या मजल्यांपर्यंत चढला. लिफ्ट भरभरून माणसं खाली. अकराव्या मजल्यावरची शुभ्रा डोक्यावर ओढणी घेऊन धावत आली, मागे तिचा नवरा सुजीत. वॉचमन लियाकतने टोपी काढली.

“कधी झालं गं?” शुभ्राने छायाला मिठीच मारली. “सासूबाई का?”

“सासूबाई पुण्यात ठणठणीत आहेत!” छाया कडाडली. डंकन बिचारा थांबला. “राजन, तू सांगतोस की मी सांगू?”

“मम्मी, प्लीज, नॉट हिअर,” अवनी कुजबुजली.

“इथेच!”

राजनने एकदा सर्व्हिस लिफ्टच्या दाराकडे पाहिलं. “कुणी मेलेलं नाही,” तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला. “कुणी मेलेलं नाही! माझी नोकरी गेलीय, नोव्हेंबरातच. सुट्टीबिट्टी काही नाही, कायमचे चाललोय. लियाकतभाई, नौकरी गयी, समझे?”

राजनला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. त्याने डंकनला ती काळी फीत काढायला लावली. “नाऊ वेडिंग म्युझिक, हबीबी. यल्ला, स्टार्ट!”

डंकनने गाल फुगवले आणि दणक्यात सुरू झाला. पुढे तो, मागे छाया, ताठ मानेने, जणू तीच नवरी. सोसायटी चाचरत का होईना, मागोमाग निघाली. सुजीतने राजनच्या हातातली बॅग घेतली आणि काहीतरी बोलला.

“काय?” राजन ओरडला.

“माझीपण गेलीय!” त्या गोंगाटात सुजीतलाही ओरडावंच लागलं. “दीड महिना झाला! रोज टाय लावून मॉलमध्ये बसतो!”

शुभ्रा दोन पावलांवर होती. ती थबकली. डोक्यावरची ओढणी तिने खाली ओढली, नवऱ्याकडे बघत राहिली.

“मॉलमध्ये?” ती म्हणाली. “अरे, घरी बसायचं होतंस की रे!”