तुटक्या पुलावरचं बोलणं

दर रविवारी मजुरांच्या कॅम्पातल्या टिनाच्या विहारात वंदना झाली, की जानराव इंग्रजी पुस्तक उघडायचा आणि मराठीतून वाचून दाखवायचा. नियम त्यानंच घातलेला: आपल्या बापजाद्यांना अक्षराला शिवू दिलं नाही, म्हणून इथं एकही पान गाळायचं नाही. नियम करताना माणूस ताजातवाना असतो, हीच तर त्यातली गोम.

सध्या रोमच्या राज्यातल्या बटाव्हियन लोकांचं बंड चालू होतं. पिढ्यान्‌पिढ्या रोमसाठी लढलेली ही माणसं. त्यांचा एकडोळ्या म्होरक्या सिव्हिलिस पंचवीस वर्षं रोमच्याच फौजेत राबलेला. शेवटी तोच उलटला. त्यानं ऱ्हाईन नदीकाठच्या छावण्या जाळल्या, एका तळाला वेढा घालून आतल्या शिपायांवर घोडे खायची पाळी आणली. जानराव स्वतः पूर्वी इंग्रजांच्या पलटणीत हवालदार होता. त्यानं तो वेढा असा रंगवला, की म्हाताऱ्या अंजनाबाईनंसुद्धा आणखी एक पान वाच म्हणून हट्ट धरला.

इकडे पोलाद कारखान्याच्या कोक भट्टीच्या बांधकामावर, जिथं तो आता मुकादम होता, त्याच्याच टोळीनं काम बंद पाडलं होतं. परांची कोसळून बळीरामचा पाय गेला आणि ठेकेदारानं त्याला कामावरून काढलं. बळीरामला बसून करायचं काम द्या, एवढीच टोळीची मागणी. पण दिवस चालले तशा चुली थंडावल्या, माणसं एकमेकांवर खेकसू लागली. शनिवारी ठेकेदाराचा निरोप आला: सोमवारी बोलायला एकटा ये, काम सुरू कर, तुझी नोकरी पक्की. जानराव इतका थकला होता, की त्याला त्या निरोपाचा रागसुद्धा आला नाही. त्याचीच त्याला लाज वाटत होती.

रविवारी नेमकं तसलंच पान निघालं. रोमच्या सेनापतीनं सिव्हिलिसला गुपचूप माफी कबूल केली. मग नदीवरचा पूल मधोमध तोडला आणि दोघं दोन टोकांवर उभे राहून बोलू लागले. जानरावची जीभ अडखळली. हे पान गाळावं असं त्याला फार वाटलं. पण नियम आपलाच. त्यानं सगळं वाचलं.

“मंग काय बोलला तो?” बळीरामनं विचारलं. तो भिंतीला टेकून, कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसला होता.

“पुरं मालूम नाही. बोलाले लागला अन् जुनं लिखाण तिथंच तुटलं. पुढचे पानं कोणालेच भेटले नाही.”

“अन् त्याचे लोकं कुठी होते?”

“मांगं. काठावर.”

बळीरामनं मांडीवरची कुबडी बाजूला ठेवली.

“तुले बी बलावलं ना, जानराव? एकट्याले?”

“हो.” जानरावनं पुस्तक मिटलं. “मी थकलो, बळीराम. सकाळी उठवत नाही मले. त्याले हो म्हणून टाकावं वाटते.”

आता कोणी तरी शिव्या देईल, उठून जाईल, असं त्याला वाटलं. एवढं बोलून मात्र त्याला हलकं वाटलं होतं. बळीरामनं मान हलवली.

“आमी बी थकलो. म्हणून काय तू एकटाच जाशीन? उद्या मले घेऊन चाल. फक्त ठेकेदाराले एक खुर्ची मांगजो. मले उभं राहून बोलता येत नाही.”